बुटका क्वार्टरबॅक जास्त जखमी होतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, हंगाम सुरू झाला आणि ब्राइस यंग किंवा कायलर मरे यांच्यापैकी एखादा बुटका क्वार्टरबॅक लंगडत मैदानाबाहेर गेला, की आमच्याकडे त्याच प्रश्नांची रांग लागते. न्यू जर्सीतून येतात, बे एरियातून येतात, आणि सोमवारी पहाटे उठून सामने बघणाऱ्या पुण्या-ठाण्यातल्या मंडळींकडूनही येतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. हवा तो प्रश्न थेट वाचा. दुसऱ्या उत्तराशी संबंध असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. उंची फूट-इंचांत आणि वजन किलोत आहे.

१. मी नवीन आहे. क्वार्टरबॅक म्हणजे कोण, आणि सगळे त्याच्याच अंगावर का धावून जातात?

चाल सुरू झाली की चेंडू त्याच्या हातात येतो. तो कुणाकडे फेकायचा, शेजारच्याच्या हातात द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी भिंत करून उभे असतात. त्या भिंतीच्या आडोशाला पॉकेट म्हणतात, आणि ती फोडून क्वार्टरबॅकला चेंडूसकट लोळवलं की झाला सॅक. नजर लांब मैदानावर, हात डोक्यावर, बरगड्या उघड्या, अशा अवस्थेत तो सव्वाशे किलोच्या माणसांची धडक घेतो. बाकीच्यांना निदान धडक येताना दिसते. याला ती बऱ्याचदा दिसतच नाही. उजव्या हातानं फेकणाऱ्याच्या डाव्या अंगाला त्यामुळेच आंधळी बाजू म्हणतात.

२. "लहान" म्हणजे नेमका किती? पाच फूट दहा इंच ही काय कमी उंची झाली?

आपल्याकडे नाही, पण एनएफएलमध्ये आहे. तिथला नेहमीचा क्वार्टरबॅक सहा फूट दोन ते सहा फूट पाच इंच उंच आणि शंभर किलोच्या आसपास असतो. सहा फुटांच्या आतबाहेर आला की "लहान" हा शिक्का बसतो. यंग आणि मरे दोघेही ड्राफ्टच्या (संघ कॉलेजमधले नवे खेळाडू क्रमानं निवडतात, त्या निवडीच्या) आधीच्या मोजणीत पाच फूट दहा इंच आणि वर एक अष्टमांश भरले. रसेल विल्सन त्यांच्याहून अर्धा इंच उंच. ड्रू ब्रीझ आणि टुआ टागोवायलोआ सहा फुटांवर. जुन्या काळातला डग फ्लूटी पाच-दहाचा, आणि १९५०च्या दशकात वॉशिंग्टनकडून खेळणारा एडी लेबॅरन तर फक्त पाच फूट सात इंचांचा.

३. फाटे नकोत, एका वाक्यात सांगा. लहान क्वार्टरबॅक जास्त जखमी होतो का?

उंची कमी म्हणून जखमा वाढतात असा भक्कम पुरावा नाही, वजन कमी असेल तर काही ठरावीक प्रकारच्या मारात तोटा होतो, आणि या दोन्हींपेक्षा मोठा फरक पडतो तो गडी किती वेळा मार खातो आणि खाताना कसा पडतो यानं.

४. उंची आणि वजन वेगळं का मोजायचं? शेवटी लहान तो लहानच ना?

सगळा घोळ इथेच होतो. टीव्हीवर उंची डोळ्यांत भरते म्हणून चर्चा उंचीची होते, पण धडकेचं गणित वजनावर चालतं. तोच धक्का ९२ किलोच्या आणि ११० किलोच्या माणसाला बसला, तर हलक्याला सुमारे २० टक्के जास्त हिसका बसतो. हे शाळेतलंच न्यूटनचं गणित. हलका गडी जास्त लांब फेकला जातो, मानेला जास्त झटका बसतो, आणि अंगावर दीडशे किलो पडले तर खांद्याचं आणि बरगड्यांचं काय होतं ते सांगायला नको.

उंचीचं तसं नाही. उलट उंच माणूस मागे कोसळतो तेव्हा त्याचं डोकं जास्त उंचीवरून जमिनीवर येतं. त्याचे पाय लांब असतात, त्यामुळे बाजूनं कुणी आपटला तर गुडघ्यावर ताण जास्त येऊ शकतो. शिवाय वजनदार शरीर वळताना स्वतःचाच भार स्वतःच्या गुडघ्यावर आणि घोट्यावर टाकतं. म्हणजे वजन काही जखमांपासून वाचवतं आणि काहींचं आमंत्रण देतं.

कबड्डी पाहिलेल्याला हे पटकन कळेल. तिथे वजनाची मर्यादा असते, तरी पाच जणांच्या साखळीत सापडलेला चढाईपटू कसा पडतो यावर त्याचा खांदा वाचणं अवलंबून असतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये ती मर्यादाही नाही.

५. पुरावा नाही कसा? शंभर वर्षं खेळ चालू आहे, आकडे काढायला काय अडचण आहे?

अडचण अशी की आकडे काढायला माणसंच पुरेशी नाहीत. सहा फुटांच्या आतले आणि वर्षानुवर्षं पहिल्या पसंतीचे म्हणून खेळलेले क्वार्टरबॅक हाताच्या बोटांवर मोजता येतात. अशा मूठभर नावांत एकाचा गुडघा गेला की टक्केवारी उडी मारते.

दुसरी अडचण जास्त बेरकी आहे. पाच-दहाचा मुलगा एनएफएलपर्यंत पोचतो तोवर शाळा आणि कॉलेजात त्याला दहा वेळा चाळून घेतलेलं असतं. जे मोडणारे होते ते आधीच गळाले, काहींना तर प्रशिक्षकांनी उंची बघूनच दुसऱ्या जागेवर हलवलं. उरले ते असामान्य चपळ, असामान्य डोक्याचे. यांच्यावरून "लहान असणं सुरक्षित आहे" असं म्हणता येत नाही, आणि यांच्यातला एक जखमी झाला म्हणून "बघा, सांगितलं होतं" असंही म्हणता येत नाही. सहा-पाचचा जखमी झाला तर त्याची उंची कुणी काढत नाही, हेही लक्षात ठेवा.

६. २०२३च्या ड्राफ्टमध्ये यंगच्या अंगकाठीवर एवढा गदारोळ झाला. पुढे काय झालं?

हे उदाहरण आवर्जून बघण्यासारखं आहे, कारण एकाच वर्षी, एकाच ड्राफ्टच्या पहिल्या चार निवडींत तीन आकारांचे तीन क्वार्टरबॅक होते.

पहिला यंग, कॅरोलायनाकडे. मोजणीत ९२ किलो भरला, पण खेळतानाचं वजन त्याहून कमीच असणार अशी कुजबुज होती. दुसरा सी. जे. स्ट्राउड, ह्यूस्टनकडे, सहा फूट तीन, सुमारे ९७ किलो. चौथा अँथनी रिचर्डसन, इंडियानापोलिसकडे, सहा फूट चार, ११० किलो. अंगानं असा की शिल्पकारानं घडवावा. तेव्हा कुणालाही विचारलं असतं की यातला आधी कोण मोडेल, तर बोट यंगकडेच गेलं असतं.

त्या हंगामात रिचर्डसन चार सामन्यांत सुरुवातीपासून खेळला. दुसऱ्या सामन्यात डोक्याला मार बसला, पुढे उजव्या, म्हणजे फेकीच्या, खांद्याचा सांधा गेला आणि शस्त्रक्रियेनं त्याचं वर्ष संपवलं. स्ट्राउड डोक्याला मार बसल्यामुळे दोन सामने मुकला. यंग घोट्यामुळे एक सामना मुकला आणि उरलेले १६ खेळला. तेही कसे, तर ६२ वेळा सॅक होऊन.

यावरून लहानांचा विजय जाहीर करू नका. तीन माणसांचं एक वर्ष म्हणजे काहीच नाही (प्रश्न ५). पण "दिसतं तसं मोडतं" हा समज किती तकलादू आहे तेवढं यातून कळतं. खरी चिंता ६२ या आकड्याची होती, आणि तो आकडा यंगच्या उंचीपेक्षा त्याच्यापुढच्या भिंतीबद्दल जास्त सांगतो. सहा फूट तीन इंचांचा डेव्हिड कार २००२ मध्ये पदार्पणाच्याच वर्षी ७६ वेळा सॅक झाला होता.

७. रसेल विल्सन एवढा मार खाऊन दहा वर्षं कसा टिकला? नशीब?

थोडं नशीब असेलच. पण २०१२ पासून सलग १४९ साखळी सामन्यांची सुरुवात करणं निव्वळ नशिबावर होत नाही, विशेषतः २०१३ ते २०२० या प्रत्येक हंगामात ४०हून जास्त सॅक खाल्लेल्या माणसाला.

त्याचे जुने सामने बघताना चेंडू सोडून फक्त त्याच्याकडे बघा. तो पळायला लागतो ते रेषेकडे, आणि अंगावर कुणी यायच्या दोन पावलं आधी मैदानाबाहेर जातो किंवा पाय पुढे टाकून घसरतो. तो बेसबॉलही व्यावसायिक पातळीवर खेळलेला, घसरणं त्याच्या अंगात मुरलेलं. सॅक अटळ दिसला की तो खांदे आवळून, चेंडू पोटाशी धरून गोळा होतो. फटका थेट लागण्याऐवजी निसटता लागतो. शिवाय त्याची अंगकाठी आखूड असली तरी बारीक नाही: मांड्या जाड, छाती रुंद.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. सामना न चुकणं आणि जखमी न होणं या दोन निराळ्या बाबी आहेत. २०१६ मध्ये प्रतिस्पर्धी एनदामुकाँग सूचा पाय घोट्यावर पडल्यावर आणि पुढे गुडघ्याचं लिगामेंट ताणलं गेल्यावरही विल्सन खेळत राहिला, पण त्या वर्षी त्याचं पळणं जवळपास बंद झालं होतं.

८. विल्सनचं बोट आणि ब्रीझचा अंगठा, दोघांनाही फेकताना लागलं. बुटक्याचा हात खालून सुटतो म्हणून का?

हा प्रश्न ज्यांनी पाठवला त्यांची नजर चांगली आहे. दोन्ही वेळी समोर एकच माणूस होता, लॉस एंजेलिसचा बचावपटू ॲरन डोनाल्ड. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रीझचा हात फेक संपताना त्याच्या हातावर आपटला आणि पाच सामने गेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये विल्सनचं मधलं बोट तसंच गेलं, तीन सामने हुकले आणि ती १४९ची मालिका तुटली.

हात खालून सुटला तर तो समोरच्याच्या हाताला लागण्याची शक्यता थोडी वाढत असेल, हा तर्क मला पटण्यासारखा वाटतो. पण उंचांचंही असं होतं, आणि डोनाल्डसारखा गडी भिंत फोडून हातभर अंतरावर आला की कुणाचाच हात सुरक्षित नाही. गंमत म्हणजे डोनाल्ड स्वतःही त्याच्या जागेसाठी बुटका मानला गेला होता.

ब्रीझची मोठी दुखापत वेगळीच. ३१ डिसेंबर २००५ला, हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, सुटलेल्या चेंडूवर झेप घेताना त्याचा उजवा खांदा गेला. ढिगाऱ्यात हात अडकला की उंची विचारत कोण बसतो? तो शस्त्रक्रिया करून न्यू ऑर्लिन्सला गेला आणि २०२०च्या हंगामापर्यंत खेळला.

९. टुआला वारंवार डोक्याला मार बसला. तो लहान आहे म्हणूनच ना?

अंशतः, पण प्रत्येक प्रसंग वेगळा बघायला हवा. २५ सप्टेंबर २०२२ला बफेलोविरुद्ध त्याला ढकललं गेलं, डोकं मागे आपटलं, उठून चालताना पाय लटपटले. चारच दिवसांनी सिनसिनाटीत जॉश टूपू या दीडशे किलोच्या आसपासच्या गड्यानं त्याला गरकन फिरवून आपटलं आणि स्ट्रेचर आलं. नाताळच्या दिवशी ग्रीन बेविरुद्ध पुन्हा डोकं मागून जमिनीवर. तिन्ही वेळी नमुना एकच: मागे पडणं आणि हनुवटी छातीशी न राहणं. टूपूच्या प्रसंगी वजनातला फरक नक्कीच भोवला. ११० किलोचा माणूस इतक्या सहज फिरवता आला नसता.

पुढच्या सुट्टीत टुआनं ज्युडो-जुजुत्सूच्या पद्धतीनं पडण्याचा सराव केला, वजनही वाढवलं. २०२३ मध्ये तो सगळे १७ सामने खेळला आणि फेकीच्या ४,६२४ यार्डांसह लीगमध्ये अव्वल राहिला.

मग सप्टेंबर २०२४. बफेलोविरुद्धच चेंडू घेऊन पळताना घसरण्याऐवजी त्यानं डोकं खाली घालून बफेलोच्या डामार हॅमलिनला धडक दिली, आणि पुन्हा तेच. हॅमलिन काही राक्षस नाही, जवळपास टुआच्याच अंगाचा. म्हणजे पडायला शिकलेला माणूस त्या क्षणी पडलाच नाही. २०२२चं एक प्रकरण आकाराच्या खात्यात घाला, पण हे निर्णयाच्या खात्यात जातं. आणि डोक्याला एकदा मार बसला की पुढचा बसण्याचा धोका वाढतो, मग उंची काहीही असो.

१०. मरेचा गुडघा?

१२ डिसेंबर २०२२, न्यू इंग्लंडविरुद्ध सामन्यातली तिसरीच चाल. तो पळत होता, आसपास हात लावणारं कुणी नव्हतं, आणि एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं एक लिगामेंट, फाटलं. धडकच नव्हती, त्यामुळे हे प्रकरण लहान अंगकाठीमुळे जखमा होतात याचा पुरावा म्हणून वापरता येत नाही. दिशा झटकन बदलणाऱ्या चपळ खेळाडूचा हा धोका आहे आणि तो कुठल्याही उंचीला असतो.

११. जो थिसमनचा पाय मोडला तो जुना व्हिडिओ बाबांनी दाखवला. आता उंच खेळाडूंचं असं होत नाही ना?

होतं, आणि अंगावर काटा येईल इतकं सारखं होतं. १८ नोव्हेंबर १९८५ला वॉशिंग्टनच्या थिसमनवर (सहा फूट) लॉरेन्स टेलर कोसळला आणि उजव्या पायाची नडगी मोडून हाड बाहेर आलं. त्यानंतर तो कधी खेळला नाही. १८ नोव्हेंबर २०१८ला, त्याच तारखेला, त्याच वॉशिंग्टनच्या ॲलेक्स स्मिथचा (सहा फूट चार) उजवा पाय तसाच मोडला. दोन्ही सामन्यांचा निकाल २३-२१. दोन्ही वेळी आंधळी बाजू सांभाळणारा नेहमीचा गडी जखमी होऊन बाहेर होता. स्मिथला पुढे जंतुसंसर्ग झाला, १७ शस्त्रक्रिया झाल्या, आणि तरीही तो ऑक्टोबर २०२०मध्ये मैदानात उतरला. चार इंचांनी त्याला काहीच दिलं नाही.

१२. म्हणजे उंचीचा दुखापतीशी काडीचाही संबंध नाही?

थेट नाही, पण आडवाटेनं आहे, आणि माझ्या मते संघांनी घाबरायचं असेल तर याला घाबरावं. समोर सहा-पाचची भिंत असली की पाच-दहाच्या माणसाला मैदानाचा मधला भाग नीट दिसत नाही. मग तो फटीतून बघायला मागे सरकतो किंवा पॉकेट सोडून बाजूला पळतो. मागे सरकला की कडेनं धावून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना सरळ वाट मिळते. बाजूला पळाला की भिंत नसते आणि चेंडू हातात जास्त वेळ राहतो. दोन्ही प्रकारे मार वाढतो. म्हणजे उंची मार वाढवते आणि मार जखमा वाढवतो. ब्रीझनं यावर उपाय काढला तो चेंडू लवकर सोडण्याचा, आणि न्यू ऑर्लिन्सनं त्याच्यापुढे मधल्या फळीत दमदार गडी उभे केले, म्हणजे समोरून कुणी अंगावर येऊ नये.

१३. मग वजन वाढवून टाकावं की! प्रश्न मिटला.

काही प्रमाणात मिटतो. टुआचं प्रश्न ९मध्ये आलंच आहे. पण लहान क्वार्टरबॅकची खरी ढाल त्याची चपळाई असते. आठ-दहा किलो चढवून ती गेली तर पूर्वी चुकवलेले फटके आता अंगावर बसतील. मान, खांदे आणि मांड्या भरणं शहाणपणाचं. मोजणीच्या दिवसासाठी भरपेट जेवून आणि पाणी पिऊन वाढवलेल्या दोन-चार किलोंचा उपयोग फक्त वजनकाट्याला.

१४. धिप्पाड क्वार्टरबॅक सुरक्षित असतात हे तरी मान्य करा.

बफेलोच्या धिप्पाड जॉश ॲलनकडे बघून मान्य करावंसं वाटतं. मग कॅम न्यूटन आठवतो. सहा फूट पाच, ११० किलोंच्या वर. त्याच्या अंगावर भरवसा ठेवून संघानं त्याला बैलासारखं जुंपलं, आणि २०१६ मध्ये त्याला उघड सांगावं लागलं की मैदानात सुरक्षित वाटत नाही. फेकीच्या खांद्यावर २०१७ आणि २०१९ मध्ये शस्त्रक्रिया झाल्या. अँड्र्यू लक सहा-चार, तेवढाच दणकट: खांदा गेला, मूत्रपिंड फाटलं, २०१७चं अख्खं वर्ष बुडालं आणि ऑगस्ट २०१९मध्ये, २९व्या वर्षी, त्यानं खेळ सोडला. मोठ्या अंगाचा तोटा हाच की "याला काय होतंय" म्हणून सगळे त्याला मारात ढकलतात, तो स्वतःसुद्धा.

१५. लहान खेळाडूला नियमांत काही सवलत आहे का?

नाही, नियम सर्वांना सारखेच. चेंडू सुटल्यावर धडक दिली, डोक्यावर किंवा गुडघ्याखाली मारलं तर दंड. पाय पुढे टाकून घसरणाऱ्याला मारता येत नाही. २०१७ मध्ये ॲरन रॉजर्स या क्वार्टरबॅकचं कॉलरबोन मोडल्यावर पुढच्या हंगामापासून पूर्ण वजनानिशी क्वार्टरबॅकवर पडण्याविरुद्धचा नियम कडक झाला. कागदावर सारखा असला तरी याचा फायदा हलक्यांना जास्त, कारण अंगावर पडणारं वजन हाच त्यांचा मोठा धोका आहे (प्रश्न ४).

१६. ऑफिसच्या फँटसी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ निवडून गुण मिळवण्याच्या खेळात) लहान क्वार्टरबॅक टाळू का?

उंची बघून टाळू नका. त्याच्यापुढची भिंत कशी आहे, गेल्या वर्षी किती सॅक खाल्ले, पळताना घसरतो की अंगावर घेतो, आणि आधी कुठल्या दुखापती झाल्या आहेत, हे बघा. आणि राखीव क्वार्टरबॅक घेऊन ठेवा, तो सर्वांनाच लागतो.

१७. माझा मुलगा इथे टेक्सासमध्ये नववीत आहे, वर्गातला सगळ्यात लहानखुरा, आणि त्याला क्वार्टरबॅकच व्हायचंय. आजी तिकडून रोज फोनवर रडते. काय करू?

आजींची काळजी इथे एनएफएलच्या चर्चेपेक्षा जास्त रास्त आहे. व्यावसायिकांत सगळे पूर्ण वाढलेले असतात. चौदाव्या वर्षी मात्र एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. वजनात तीस किलोंचा फरक सहज पडतो, आणि वाढत्या हाडांची टोकं अजून पक्की झालेली नसतात. त्यामुळे आधी त्याच्या डॉक्टरांकडून वाढ कुठवर आली आहे ते समजून घ्या. नववीच्या संघातच खेळू द्या. चांगला खेळतो म्हणून वरच्या वर्गातल्या मुलांत ढकलायची घाई नको.

प्रशिक्षकांना तीन गोष्टी सरळ विचारा: सरावात क्वार्टरबॅकला हात न लावण्याचा नियम आहे का, पडायला आणि घसरायला शिकवता का, आणि डोक्याला मार बसला तर मैदानावर कोण तपासतं. संशय आला तर मुलाला लगेच बाहेर काढणं आणि वैद्यकीय परवानगीशिवाय परत न पाठवणं, असे कायदे २०१४ पर्यंत पन्नासही राज्यांत झाले आहेत. मुलाला हेही सांगून ठेवा की डोकं दुखलं, उजेड सहन झाला नाही, मळमळलं तर लपवायचं नाही. या वयात जागा जाईल या भीतीनं मुलं लपवतात.

१८. फ्लॅग फुटबॉलमध्येही उंची-वजनाचा हा प्रश्न येतो का?

जवळपास नाही. कमरेची पट्टी ओढली की चाल संपते, लोळवायचं नसतं आणि धडक दिली तर दंड होतो. चुकून टकरा होतात, घोटे मुरगळतात, बोटं दुखावतात. पण अंगावर दीडशे किलो पडत नाहीत. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ आहे, पाच-पाच जणांचा. प्रश्न १७मधल्या आजींना आधी त्याचा एखादा सामना दाखवा.